विमानात बसलेला कॅमेरा

2024च्या जानेवारीत ‘मास्टर्स ऑफ द एअर’ ही मालिका सुरू झाली. तिचा नवा भाग दर शुक्रवारी यायचा. माझा भाचा जुम्याची नमाज आटोपून घरी आला की जेवणाआधी मोबाईल उघडून बसायचा. “मामू, तुम्ही बघाच. एका विमानात दहा जण असतात, आणि शेवटी कोण वाचेल ते कळतच नाही.” शेवटचा भाग 15 मार्चला आला तेव्हा रमजानचे पहिले रोजे सुरू होते. त्याच्या आग्रहाने मीही सगळे नऊ भाग पाहिले. त्याच दिवसांत, त्याच मोबाईलवर गाझाची दृश्ये येत होती. मालिकेत बॉम्ब वरून खाली जाताना दिसत होते. बातम्यांमध्ये तो पडून गेल्यानंतरचा ढिगारा आणि त्यात हातांनी माती उकरणारी माणसे दिसत होती. दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर पाहिल्यामुळे असेल, पण त्यानंतर मी बॉम्बर विमानांवरची पुस्तके आणि त्यांवरून झालेले चित्रपट वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आधी विमानातल्या माणसांबद्दल जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. ती बहुतेक विशी-बाविशीची पोरे होती. अमेरिकी बी-17 विमानाची खिडकी उघडी, उंची 25 हजार फूट आणि बाहेर शून्याखाली 40 अंश. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. हातमोजा काढून बंदुकीला हात लावला तर कातडी धातूला चिकटायची. इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची 26 हजारांहून अधिक माणसे मेली. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये सुमारे 1 लाख 25 हजार जणांनी उड्डाण केले, त्यांतले 55,573 परतले नाहीत. दहातले चार, किंबहुना थोडे जास्तच. सुरुवातीला अमेरिकी पोरांना 25 फेऱ्या पूर्ण केल्या की घरी पाठवत. 1944मध्ये हा आकडा आधी 30 आणि मग 35 झाला. जोसेफ हेलरच्या ‘कॅच-22’ (1961) या कादंबरीत कर्नल फेऱ्यांची संख्या वाढवतच नेतो. वाचताना ती थट्टा वाटते, पण तिच्या मुळाशी असा खरा हिशेब होता. हेलरने स्वतः इटलीच्या आघाडीवर बी-25 विमानातून 60 फेऱ्या मारल्या होत्या.

ही पोरे नाझींशी लढत होती. त्या लढाईची गरज मी नाकारत नाही, आणि नाकारणाऱ्यांशी माझे जमत नाही. माझा प्रश्न गोष्ट सांगण्याबद्दल आहे. पुस्तकातून पडद्यावर येताना कोणता आकडा टिकतो आणि कोणता गळतो?

याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘द डॅम बस्टर्स’चे आहे. 16 मे 1943च्या रात्री ब्रिटिशांच्या 617 स्क्वाड्रनची 19 लँकेस्टर विमाने जर्मनीतील धरणे फोडायला निघाली. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब बनवला होता. तळ्यात चपटा दगड फेकून आपण भाकऱ्या काढतो, तसाच काहीसा प्रकार, फक्त हा बॉम्ब सोडण्याआधी उलटा गरगर फिरवावा लागे. तो नेमक्या 60 फुटांवरून सोडायचा होता. रात्री पाण्यावरून एवढी उंची मोजायची कशी? विमानाच्या पोटाला दोन दिवे लावले. त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना भिडले की उंची बरोबर. म्यूने आणि एडर ही दोन धरणे फुटली. 133 जण गेले होते. आठ विमाने पडली, 53 जण मेले आणि तीन कैद झाले.

पॉल ब्रिकहिलने 1951 साली यावर पुस्तक लिहिले आणि 1955 साली चित्रपट आला. दिग्दर्शक मायकेल अँडरसन, गाय गिब्सनच्या भूमिकेत रिचर्ड टॉड, वॉलिसच्या भूमिकेत मायकेल रेडग्रेव्ह. तो अजूनही छान वाटतो. जॉर्ज लुकासने ‘स्टार वॉर्स’च्या शेवटच्या हल्ल्यासाठी या चित्रपटाचा आधार घेतला होता, यावरून त्याची पकड कळते. शेवट तर फारच संयमी आहे. न परतलेल्या 56 जणांच्या आकड्याने वॉलिस खचतो, आणि गिब्सन त्यांच्या घरच्यांना पत्रे लिहायला निघून जातो. विजयाचा जल्लोष नाही. ब्रिटिश चित्रपटाला साजेशी शांतता.

पण त्या रात्री आणखी एक हिशेब झाला होता. म्यूनेच्या भिंतीतून सुटलेले पाणी खोऱ्यातून नेहाइम गावावर आले. गावाजवळ लाकडी बराकींची एक छावणी होती. तिथे वेठीला धरलेले मजूर होते, मुख्यतः सोव्हिएत प्रदेशांतून आणलेल्या स्त्रिया. जर्मन कारखान्यांत राबवण्यासाठी नाझींनीच त्यांना उचलून आणले होते. त्या पुरात सुमारे 1,600 माणसे मेली आणि त्यांत हजाराच्या आसपास असे परदेशी मजूर आणि युद्धकैदी होते. म्हणजे मेलेल्यांत बहुसंख्य शत्रू नव्हतेच. त्या रात्री ज्यांच्या बाजूने लढाई चालली होती, तीच ही माणसे होती.

ब्रिकहिलच्या पुस्तकात बुडालेल्यांचा उल्लेख आहे. त्यांत गुलाम मजूर आणि कैदी होते, हेही आहे. काही ओळीच, पण आहेत. चित्रपटात पाणी कारखान्यात शिरते, यंत्रे बुडतात, आणि तो आकडा कुठेच येत नाही. 56 टिकले, 1,600 गळाले. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये या चित्रपटावर सर्वांत जास्त वाद होतो तो गिब्सनच्या कुत्र्याच्या नावावरून. ते नाव काळ्या माणसांना दिली जाणारी शिवी होते. टीव्हीवर दाखवताना ते कापले जाते. कापावेच. पण नेहाइमच्या बायकांना कापण्याची वेळच आली नाही, त्या चित्रपटात कधी नव्हत्याच.

या चित्रपटात बॉम्बर कमांडचा प्रमुख आर्थर हॅरिस हेही पात्र आहे. टप्पे घेणाऱ्या बॉम्बची कल्पना ऐकून तो सुरुवातीला उडवून लावतो, आणि प्रत्यक्षातही त्याने तेच केले होते. हॅरिस हा धंदा जर्मनीवर शिकला नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर तो हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर होता, आणि नंतर इराकमध्ये. 1920 साली इराकी जनतेने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. पायदळ ठेवणे महाग पडते म्हणून इंग्रजांनी तो मुलुख विमानदलाच्या हवाली केला. तिथे 45 स्क्वाड्रनचा प्रमुख असताना हॅरिसने सैनिक वाहून नेणाऱ्या व्हर्नन विमानांना बॉम्बच्या चौकटी बसवल्या. नेम धरण्यासाठी विमानाच्या नाकात भोक पाडले. ही हकीकत त्याने स्वतःच्या आठवणींत अभिमानाने सांगितली आहे. लँकेस्टरच्या पोरांवर चित्रपट झाले, व्हर्ननच्या चालकांवरचा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. तिथे दाखवण्यासारखे शौर्य फारसे नव्हते. इराकी गावांकडे त्यांना पाडायला विमानेच नव्हती.

आता भाच्याच्या मालिकेकडे येतो. ती डोनाल्ड मिलर या इतिहासकाराच्या 2006च्या पुस्तकावर आहे. पुस्तक जाडजूड आहे, आणि मिलर विमानातून खाली उतरतो. जर्मन शहरांत काय झाले, तेही तो लिहितो. मालिका मुख्यतः शंभराव्या बॉम्ब ग्रुपच्या पोरांबरोबर राहते. 10 ऑक्टोबर 1943, म्यून्स्टर शहरावरचा हल्ला. रविवार होता आणि नेम शहराच्या मध्यभागावर होता. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या लोकांवर बॉम्ब पडतील, ही गोष्ट वैमानिकांमध्ये निघते. एक जण अस्वस्थ होतो, दुसऱ्याला मित्राचा बदला हवा असतो. हा प्रसंग चांगला आहे. मग विमाने उडतात आणि आपण प्रश्न विसरतो, कारण या ग्रुपची 12 विमाने त्या दिवशी पडली आणि रोझेंथलचे एकटेच परतले. रिकाम्या खाटा बघून माझ्याही घशात आवंढा आला. म्यून्स्टरमध्ये त्या दुपारी काय झाले, ते मालिका दाखवत नाही.

पुढच्या भागात जमीन येते खरी. पकडलेल्या वैमानिकांना एका उद्ध्वस्त जर्मन शहरातून चालवत नेतात आणि चिडलेला जमाव त्यांच्यावर तुटून पडतो. रसेल्सहाइममध्ये असे हत्याकांड खरेच झाले होते, पण ते 1944च्या ऑगस्टमध्ये आणि दुसऱ्याच विमानातल्या माणसांबाबत. मालिकेने ते उचलून इथे बसवले. त्याला हरकत नाही, चित्रपटवाले एवढी सूट घेतातच. पण खालची माणसे प्रथमच जवळून दिसतात ती हातात दगड-काठ्या घेऊन, आपल्या नायकांच्या जिवावर उठलेली. त्यांच्या घरात काल रात्री कोण मेले, हे विचारायला सवड नसते.

‘कॅच-22’मध्ये एक प्रसंग आहे, तो मला या सगळ्यांत धारदार वाटतो. डोंगरातल्या एका इटालियन खेड्यावर बॉम्ब टाकायचा हुकूम येतो, रस्ता अडवण्यासाठी म्हणून. खेड्यात सैन्य नाही, तोफा नाहीत. आपली विमाने दिसली की पोरेबाळे आणि म्हातारे हात हलवायला बाहेर येतील, हे वैमानिकांना ठाऊक आहे. वरिष्ठांना मात्र एक चिंता आहे: बॉम्ब एकमेकांजवळ, दाटीने पडले पाहिजेत, म्हणजे वरून घेतलेला फोटो सुबक येतो. डनबर नावाचा एक जण मुद्दाम बॉम्ब खेड्याच्या पलीकडे टाकतो. हेलरने यावर भाष्य केले नाही. फोटोची मागणी लिहिली आणि पुढे गेला.

भाच्याला मी नेहाइमबद्दल सांगितले तेव्हा तो म्हणाला, “पण मामू, विमानातल्यांना कुठे माहीत होते?” खरे आहे. गिब्सनला छावणीची कल्पना होती असे मीही म्हणणार नाही, आणि सप्टेंबर 1944मध्ये तो स्वतःच अशाच एका मोहिमेत मेला. वयाच्या 26व्या वर्षी. 1955 साली चित्रपट करणाऱ्यांच्या हातात मात्र ब्रिकहिलचे पुस्तक होते.

लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये 2012 साली बॉम्बर कमांडचे स्मारक उभे राहिले. नुकतेच मोहिमेवरून परतलेले सात ब्राँझचे वैमानिक, थकलेले, नजर आभाळाकडे. युद्ध संपल्यानंतर 67 वर्षांनी. तिथल्या दगडावर एक ओळ अशीही कोरली आहे की, 1939 ते 1945च्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या माणसांचेही हे स्मरण आहे.