आश्विन-कार्तिकातला खानदेश: भुलाबाईपासून रथापर्यंत

अलीकडे ऑक्टोबर संपत आला की खानदेशातल्या माळकरी घरांतही एक नवाच प्रश्न उभा राहतो. शाळेतून चिठ्ठी येते, ३१ तारखेला मुलांना भुताचा किंवा हडळीचा पोशाख घालून पाठवा. एका सप्ताहात अशीच गोष्ट कानावर आली. एका आजोबांनी नातीला त्या दिवशी शाळेत जाऊ दिले नाही. पोर दिवसभर घरात रुसून बसली आणि संध्याकाळी विचारती झाली, "आबा, मग आज आपल्याकडे काय आहे?" आबांना उत्तर सुचले नाही.

आबांच्या नकाराबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचे निरुत्तर होणे मात्र मनाला लागले. २०२५ सालचेच पाहा. त्या वर्षी पंढरपुरात कार्तिकी एकादशी २ नोव्हेंबरला होती. म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या पहाटे गावोगाव काकडा चालू होता आणि रात्री जळगावात रामरायाचे वहन निघत होते. आपल्याकडे काहीच नाही असे म्हणावे, असा तो दिवसच नव्हता.

ज्या सणाला आपण नाही म्हणतो, तो मुळात काय होता हेही एकदा पाहावे. हॅलोवीन या नावाचा अर्थ संतदिनाची आदली रात्र. ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा. इंग्लंडात जुन्या काळी गरीब माणसे आणि मुले दारोदार जात, त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात त्यांना छोटी गोड पोळी मिळे. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले आणि तिथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. पुढे बाजार शिरला, संत मागे पडले आणि भुते तेवढी उरली. आपल्या शाळेत येऊन पोचले ते हे उरलेले रूप. मूळ विचार आपल्याला परका नाही. पितरांसाठी आपणही पंधरवडा पाळतो. आणि संतांचे म्हणाल, तर नामदेवरायांचा जन्म कार्तिक शुद्ध एकादशीचा मानतात, आणि ज्ञानेश्वर माउलींची संजीवन समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६. एवढा संतांचा महिना दुसरा कोणता?

पण मुलांना तिथी सांगून भागत नाही. त्यांना हाताला काम लागते आणि संध्याकाळी जायला एखादे घर लागते. खानदेशात या दोन्हींची सोय होती, आणि ती मुलींनी सांभाळली होती.

भाद्रपद पौर्णिमेला घरात भुलाबाई बसते. जळगाव जिल्ह्यात अनेक ठिकाणी तिला गुलाबाई म्हणतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, अशी समजूत. पार्वती महिनाभर माहेरपणाला आली आहे, म्हणून आश्विन पौर्णिमेपर्यंत तिच्यासमोर रोज संध्याकाळी गाणी म्हणायची. हातात टिपऱ्या घेऊन मुली आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी जातात. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा पुढे आणते, आणि आत कोणता खाऊ आहे ते मुलींनी ओळखायचे. डबा हलवून आवाज ऐकतात, गोड की तिखट ते विचारतात. ओळखता आला नाही तर घरच्या बाईची जीत. म्हणून प्रत्येक घर आधीपासून डोके चालवून कोणाला सुचणार नाही असा पदार्थ करते. दारोदार जाऊन खाऊ मिळवण्याची हौस मुलांना सगळीकडे सारखीच असते. आपल्या मुली गाणी म्हणून आणि ओळखून तो घेत, एवढाच फरक.

या महिन्याचा पहिला अर्धा भाग पितृपक्षात येतो. सकाळी ज्या घरात पितरांचे पान वाढले, त्याच घरात संध्याकाळी नऊ-दहा वर्षांच्या मुली टिपऱ्या वाजवत. या दिवसांत गाणे कसे म्हणायचे, असा आक्षेप कोणत्या म्हाताऱ्या माणसाने घेतलेला मी ऐकला नाही. गेलेल्यांचे स्मरण आणि घरच्या लेकींचे कोडकौतुक एकाच छपराखाली नांदत होते. मरणाचे भय घालवायला आणखी वेगळा मुखवटा लागत नव्हता.

गाण्यांत काय असे? सासू, सासरा, नणंद, जाऊ, माहेरचा रस्ता, न आलेला भाऊ. आज ती गमतीने म्हणतात. पण १९२९ साली सारडा कायदा झाला, तोपर्यंत चौदा वर्षांच्या आतल्या मुलींची लग्ने राजरोस लागत. गाणी म्हणणाऱ्या त्या मुलींपैकी कित्येकींना पुढच्या भुलाबाईला सासरी असायचे होते. जे सोसायचे ते त्या आधीच सुरात म्हणून घेत, तेही मैत्रिणींच्या मध्ये उभे राहून. या गाण्यांना कोणी साहित्यात धरले नाही आणि बहुतेक मुलींनी ती लिहूनही ठेवली नाहीत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी टिपून ठेवली, आचार्य अत्र्यांच्या नजरेस आली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, म्हणून महाराष्ट्राला कळली. तोवर त्या निवर्तल्या होत्या. भुलाबाईच्या गाण्यांना असा सोपानदेव क्वचितच भेटला. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानच्या वतीने भुलाबाई महोत्सव होतो, शाळाशाळांच्या मुली मंचावर गाणी म्हणतात, हे चांगलेच आहे. तरी मंचावर डबा ओळखायला मिळत नाही. त्यासाठी संध्याकाळी उघडे असणारे दार लागते, आणि आज नेमकी त्याचीच वानवा आहे. शिकवणीचा वर्ग, बंद फाटक, खाली बसलेला पहारेकरी. भुलाबाई या सगळ्याने मागे पडली. परक्या सणाने तिला हटवले असे मला वाटत नाही.

कोजागरीला भुलाबाईची पाठवणी होते. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, आटवलेले दूध, आणि त्या रात्री गाणी जरा जास्तच. इथे मुलींचा संध्याकाळचा महिना संपतो आणि बहुतेक गावांत पहाटेचा महिना लागतो, तो कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या काकड्याचा. काकडा म्हणजे कापड पिळून केलेली जाड वात. खानदेशात हेच दिवस कपाशीच्या वेचणीचे. नवा कापूस घरात आला की आजीभोवती बसून मुले वाती वळत, त्रिपुरी पौर्णिमेच्याही आणि देवळातल्याही. वात वळायला पाच वर्षांचे मूलही चालते. वाकडी झाली तरी ती जळतेच.

मुलांना सोंगाचीच हौस असेल तर ती या पहाटेच्या भजनात कमी नाही. संतांनी वासुदेव, जोगी, आंधळा, पांगळा अशी किती रूपके लिहिली! नाथबाबांच्या भारुडात तर विंचू चावलेला माणूस येतो आणि भूतही येते. तुकोबारायांनी पंढरीच्या देवालाच भूत म्हटले आहे, वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांना झपाटणारे. भारुडाचे सोंग घेतलेला माणूस आधी मुलांना घाबरवतो, मग हसवतो, आणि शेवटी पदाचा अर्थ सांगतो. आमच्या लहानपणी तो अर्थ कळत नसे, तरी सोंग लक्षात राहिले आणि अर्थ पुढे पंचवीस-तीस वर्षांनी कळला.

आता रथाकडे येऊ. धुळ्याच्या खोल गल्लीतल्या बालाजीचा रथ आश्विन शुद्ध एकादशीला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो. जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीचा. तो सद्गुरू अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वीच या भागातून आगगाडी धावू लागली होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव पाहता पाहता कापसाची पेठ झाले. १८६४ साली नगरपालिका आली आणि रथ सुरू झाल्यावर दोनच वर्षांत कापडाची गिरणी. बाहेरचे जग गावात शिरण्याची ही पहिलीच वेळ नव्हे, असे आजच्या आईबापांना सांगावेसे वाटते. त्या धामधुमीच्या गावात महाराजांनी वर्षातून एकदा सर्वांनी मिळून ओढायची एक वस्तू उभी केली. ज्यांना कार्तिकी वारीला पंढरपूर गाठता येत नव्हते, त्यांच्या दारी देव आला. आषाढीला याच राममंदिर संस्थानातून मुक्ताईंची पालखी पंढरीला जाते. आपला भाऊ रागावून ताटी लावून बसला, तेव्हा त्याला समजावणारी धाकटी बहीण ती हीच. तापीकाठी ती गुप्त झाली, ते याच खानदेशात. मुलींच्या गाण्यांचा महिना पाळणाऱ्या प्रांताला संतही अशी लेकच लाभली.

रथाआधी कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज रात्री वहन निघते. कधी घोडा, कधी हत्ती, सिंह, गरुड, मारुती. ठरलेल्या घरी वहन थांबते, भजन होते, आरती होते, पानसुपारी होते. आज कोणते वहन, हे मुले आधीच विचारून ठेवतात. ज्या घरी पानसुपारी असते तिथे सकाळपासून अंगण सारवणे, रांगोळी, प्रसादाची तयारी, आणि घरातले एकही माणूस रिकामे नसते.

एकादशीला रथ निघतो तेव्हा दोर ओढायला शेकडो हात असतात. पण खरे कसब मोगरी लावणाऱ्यांचे. मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायचा लाकडी ठोकळा. एवढ्या उंच रथाला थांबवायचे आणि जुन्या गावातल्या अरुंद गल्लीत वळवायचे, ते फक्त या ठोकळ्याच्या जोरावर. क्षणाचा उशीर झाला तर चाक पायावर येईल. ही नजर पुस्तकात शिकता येत नाही, जाणत्याच्या शेजारी वर्षानुवर्षे चालूनच ती येते. वाटेत भिलपुऱ्यात रथ थांबतो. अप्पा महाराजांचे स्नेही लालशा बाबा यांच्या समाधीवर संस्थानाकडून चादर चढवली जाते. मग दोर पुन्हा ताणला जातो.

रथ मंदिराशी परत येईपर्यंत रात्र बरीच होते. उपवासाच्या दिवशी एवढे चाललेली पोरे बापाच्या खांद्यावर झोपलेली असतात. मोगरीवाले तेव्हाही चाकाकडेच पाहत असतात, आणि त्यांच्या मागे दोन-चार मुले, झोप आवरून, ते ठोकळा कसा धरतात ते बघत उभी असतात.