विक्रांतच्या वाटेवर

आपल्या १९९७ च्या दहावीच्या बॅचमधले आम्ही सातजण दर हिवाळ्यात एका रविवारी मोटारसायकली काढतो. पहाटे बदलापूरहून निघायचं, अंबरनाथ-उल्हासनगरचे वाटेत सामील होतात. लढाऊ नौका दिसतील तिथे थांबायचं, फोटो काढायचे आणि दुपारी परत. "बोटी बघायला एवढ्या लांब?" असं घरचे विचारतात. त्याचं हे उत्तर.

पहिला थांबा कल्याणचा दुर्गाडी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीकाठी मराठी आरमाराची सुरुवात झाली. आज तिथेच नौदलाची टी-८० ही निवृत्त गस्तीनौका स्मारक म्हणून आणली आहे.

दुसरा थांबा रे रोडजवळचा दारूखाना. इथे जुनी जहाजं तोडतात. इथे आम्ही फोटो काढत नाही, कारण विक्रांत इथेच संपली.

ब्रिटनमध्ये १९४५ साली पाण्यात उतरलेली ही अर्धवट नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात एक बॉयलर नादुरुस्त असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, तेव्हा आपण सराव परीक्षेच्या काळजीत होतो. पुढे तिचं संग्रहालय झालं. मी एकदाही गेले नाही. आधी इंजिनिअरिंग, मग नोकरी, लोकल, मुलगी. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिले. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झालं आणि २०१४ मध्ये नौका भंगारात निघाली.

तिचं थोडं पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ मध्ये ते वापरून 'व्ही' ही मोटारसायकल आणली. आमच्यातल्या एकाकडे तीच आहे. दारूखान्यात तो गाडी बंद करून टाकीवर हात ठेवून उभा राहतो. कोणी काही बोलत नाही.

तिसरा थांबा लायन गेटसमोर, विक्रांतच्याच धातूतून अर्झान खंबाटा यांनी केलेलं स्मारक. गोदीचे फोटो काढायला मनाई आहे, ती आम्ही पाळतो. शेवटी गेटवेवरून समुद्रात उभ्या नौका पाहायच्या.

तिथे उल्हासनगरचा आपला मित्र एकदा म्हणाला, "आमचे आजोबा १९४७ साली कराचीहून बोटीने इथेच मुंबईत उतरले, मग कल्याण कॅम्पात आले." त्याच कॅम्पाचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला, म्हणून त्या तारखेला नौदल दिन असतो. त्या रात्री सगळी गल्ली जल्लोष करत होती. आजोबा मात्र रेडिओजवळ गप्प बसून होते. बंदर शत्रूचं होतं, पण गावही त्यांचंच होतं.

परतताना अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा लागते. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं यासाठीची इंधनघट यंत्रणा तिथे विकसित झाली. समुद्र नसलेल्या आपल्या गावांचं समुद्राशी इतकं नातं आहे, हे शाळेत असताना कुठे माहीत होतं?

विक्रांत पाहायची राहून गेली. आपल्यातलेही काहीजण आता भेटायचे नाहीत. म्हणून मेळाव्यानंतरच्या रविवारी पहाटे पाचला शाळेच्या फाटकाशी या. मागच्या सीटवरही जागा आहे. हेल्मेट मात्र आपापलं आणा.