कोल्हापूर महानगरपालिका

कोल्हापूर शहराचा कारभार पाहणारी स्थानिक स्वराज्य संस्था. संस्थानी अमलात 1854 मध्ये येथे नगरपालिका आली. डिसेंबर 1972 मध्ये तिची महानगरपालिका झाली. क्षेत्रफळ 66.82 चौ. किमी., लोकसंख्या 5,49,236 (2011). सभागृहात निवडून येणाऱ्या सदस्यांची संख्या 81. नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला; ही राजवट पुढे काही वर्षे लांबली.

हद्द : 1972 नंतर शहराची हद्द वाढलेली नाही. लगतची गावे शहरात घ्यावीत की नाही, याबद्दल शहरात आणि गावांत परस्परविरोधी मते आहेत.

खासबाग व नाट्यगृह : महापालिकेच्या ताब्यातील मिळकतींत या दोन वास्तू सर्वांत महत्त्वाच्या होत. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी बांधल्या, दोन्ही एकमेकींना खेटून आहेत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज 1902 मध्ये विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोममधील जुने क्रीडागार त्यांनी पाहिले आणि तसे कुस्तीचे मैदान कोल्हापुरात असावे असे त्यांच्या मनाने घेतले. खासबाग मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी, असा उतार. मैदानात किती माणूस मावते याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. हौद्यातली लाल माती नुसती माती नसते. चाळलेल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवतात, म्हणजे अंग सोलवटत नाही आणि जखम चिघळत नाही. वापर नसला की ही माती दगडासारखी घट्ट होते. कुस्तीचे मैदान राखणे म्हणजे भिंतींना रंग देणे नव्हे, एवढे या नोंदीत सांगणे अवश्य आहे.

शेजारचे नाट्यगृह 1915 मध्ये ‘पॅलेस थिएटर’ या नावाने उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ‘ललितकलादर्श’चे संस्थापक केशवराव (1890–1921) हे कोल्हापूरचेच. रंगमंचाखाली पाणी असलेला खोल खड्डा ठेवला होता आणि त्यामुळे ध्वनिक्षेपकाशिवाय गायकाचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचे, असे जुने रंगकर्मी सांगत. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत व प्रेक्षागृह जळाले. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी कलावंत तेथे जमले ते राखेत. वास्तू होती तशीच पुन्हा उभारावी, अशी मागणी तेव्हापासूनच झाली व पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. आगीच्या कारणासंबंधी वेगवेगळे मतप्रवाह आहेत.

पाणीपुरवठा : कळंबा तलाव हा शहराचा जुना स्रोत. नंतर भोगावती व पंचगंगा या नद्यांवरील बालिंगा, नागदेववाडी व शिंगणापूर येथील उपसा केंद्रांतून पाणी येऊ लागले. नदीकाठच्या शहराला पाण्याची ददात नसावी, पण येथे गोष्ट उलटी आहे : पुराच्या दिवसांत उपसा केंद्रेच पाण्याखाली जातात आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या गल्ल्यांतले नळ कोरडे पडतात. 2019 व 2021 या दोन्ही महापुरांत असे घडले व शहर टँकरवर आले. काळम्मावाडी धरणातून सुमारे 53 किमी. लांबीच्या वाहिनीने थेट पाणी आणण्याच्या योजनेची मागणी दीर्घकाळ होती. ‘थेट पाइपलाइन’ हेच तिचे लोकांतले नाव. 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचले. तरी आपल्या गल्लीला पाणी केव्हा सुटेल, हे चावीवाल्याला विचारण्याचा परिपाठ मोडलेला नाही.

पूर : पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तीही फूट-इंचांत. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पावसाळ्यात हे दोन आकडे शहरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. 2019 मध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली, 2021 मध्ये 56 फुटांच्या. त्या वेळी पूरग्रस्तांची सोय लावण्यात महापालिकेच्या शाळांचा आणि शहरातल्या तालमींचा मोठा वाटा होता. तालमी महापालिकेच्या नाहीत, पण त्यांना वगळून या शहरातली कुठलीही नागरी सेवा सांगता येत नाही.

सांडपाणी व कचरा : जयंती नाला शहरातून वाहत पंचगंगेला मिळतो. कसबा बावडा व दुधाळी येथे शुद्धीकरण केंद्रे आहेत. कचरा लाइन बझारला जातो. त्या जागेला सर्वजण ‘झूम’ म्हणतात.

रस्ते व टोल : शहरांतर्गत रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर करण्यात आले आणि ऑक्टोबर 2013 पासून नाक्यांवर टोल घेण्यास सुरुवात झाली. शहरात शिरायला पैसे द्यायचे, हे कोल्हापूरकरांच्या पचनी पडले नाही. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखालील कृती समितीत डाव्या पक्षांपासून तालीम मंडळांपर्यंत सगळे आले; गोविंद पानसरे हेही त्यात होते. जानेवारी 2014 मध्ये नाके जाळण्यात आले. अखेर राज्य शासनाने टोल रद्द केला. रस्त्यांच्या या करारात महापालिकेची जबाबदारी कितपत होती, हा वादाचा विषय आहे.

शिक्षण व आरोग्य : महापालिकेच्या प्राथमिक शाळांपैकी जरगनगरचे विद्यामंदिर विशेष प्रसिद्ध. गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून तेथे रांगा लावतात. खासगी शाळांच्या दारातली ही रांग महापालिकेच्या शाळेपुढे लागावी, हे राज्यात क्वचित पाहायला मिळते. दवाखान्यांत सावित्रीबाई फुले रुग्णालय प्रमुख.

परिवहन : शहर बससेवा ‘केएमटी’ या नावाने चालते.

उद्याने : रंकाळ्याचा काठ व चौपाटी, शिवाय प्रभागांतील बागा.