हॅन सोलो, गणपती आणि पाठभेद

तर झालं असं. या गणपतीला नांदगावला गेलो होतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवीचं सामान काढायला माळ्यावर चढलो आणि मागच्या कोपऱ्यात काकांची पत्र्याची पेटी सापडली. आत तीन व्हिडिओ कॅसेट्स. 'स्टार वॉर्स', 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आणि 'रिटर्न ऑफ द जेडाय'. काका बोटीवर इंजिनिअर होते, १९९५ साली ब्रिटनमध्ये निघालेला हा संच त्यांनी तिकडच्याच कुठल्यातरी बंदरात घेतला होता. कोकणातले पावसाळे खाऊन टेपेच्या कडेवर पांढरी बुरशी धरलेली.

मी पेटी घेऊन खाली उतरलो तशी आजी म्हणाली, "मेल्या, तां बुरशी इलेला तुका कित्याक व्हया?"

आता तिला काय सांगणार! २००३ च्या सुमारास, मी सहा वर्षांचा असताना, काका रजेवर आले की आम्ही हे तिन्ही पिक्चर लागोपाठ बघायचो. वीज गेली की पिक्चर थांबायचा आणि आली की पुढे चालू. इंग्रजी कोणालाच कळत नसे, काका सगळं मालवणीत सांगायचे. शेवटच्या पिक्चरच्या शेवटी तीन भुतं दिसतात, त्यातला एक शांत, टकल्या म्हातारा. आजीने विचारलं होतं, ह्यो म्हातारो कोण? काका म्हणाले, बापूस त्याचो.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती दहा जण बसून तोच पिक्चर बघत होतो. शेवट आला आणि म्हाताऱ्याच्या जागी एक लांब केसांचा तरणा पोरगा! मी म्हटलं, अरे इथे म्हातारा होता. पोरं खो खो हसली. "सहा वर्षांचा होतास, तुला काय आठवतंय?" काका २०२० साली गेले, त्यामुळे साक्षीदारही उरला नाही.

म्हातारा होता. सेबॅस्टियन शॉ हे त्या नटाचं नाव. २००४ च्या डीव्हीडीत त्याला काढून तिथे हेडन क्रिस्टेन्सन बसवला. त्याच वेळी 'एम्पायर'मधल्या सम्राटाचा चेहरा बदलला, बोबा फेटचा आवाजही बदलला. हे शोधून काढलं आणि तेव्हापासून माझा छंद सुरू झाला. लोक या पिक्चरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या का जमवतात, हे आधी मला कळायचं नाही. एकच पिक्चर सहा वेळा विकत घ्यायचा म्हणजे पैसे वर आलेत का? पण तो एकच पिक्चर नाहीये, हीच तर गंमत आहे.

थोडा इतिहास सांगतो. 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ ला लागला तेव्हा सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात 'एपिसोड फोर' हे शब्दच नव्हते. ते १९८१ साली पुन्हा प्रदर्शित करताना घातले. पहिली व्हिडिओ कॅसेट आली १९८२ मध्ये, तीही आधी फक्त भाड्याने द्यायला. म्हणजे घरात आलेल्या पहिल्या प्रतीतच बदल होता. त्याच वर्षीच्या लेसरडिस्कची तर और कथा. डिस्कच्या एका बाजूला एक तास मावतो आणि पिक्चर १२१ मिनिटांचा. मग काय, पिक्चरच किंचित जोरात पळवला! (आपल्याकडे डेडलाइन गाठायला असंच करतात.) १९९३ साली अडीचशे डॉलरचा लेसरडिस्कचा मोठा संच निघाला. त्यानंतर १९९५ ची ती कॅसेट, मूळ रूपात शेवटची संधी अशी जाहिरात करून विकलेली. आणि ती जाहिरात बऱ्यापैकी खरी निघाली.

कारण १९९७ साली 'स्पेशल एडिशन' आली. जॉर्ज लुकासने संगणकावर नवी दृश्यं करून घातली. हॅन सोलो समोरच्या ग्रीडोला आधी गोळी घालतो, तिथे आता ग्रीडो आधी झाडतो आणि हातभर अंतरावरून नेम चुकवतो. २००४ मध्ये दोघं जवळजवळ एकदम झाडतात. २०११ च्या ब्लू-रेमध्ये डार्थ व्हेडरच्या तोंडी "नोऽऽ" घातलं, जिथे त्याचं गप्प राहणंच भारी होतं. २०१९ ला डिस्नेच्या सेवेवर पिक्चर आला तेव्हा ग्रीडो मरण्याआधी 'मॅक्लंकी' असं काहीतरी बरळायला लागला होता.

आमच्या भाषेत सांगायचं तर माणूस थेट प्रॉडक्शनवर बदल करत होता आणि जुना टॅग कुठेच ठेवत नव्हता. बदल करायला माझी ना नाही, पिक्चर त्याचा आहे. पण 'स्पेशल एडिशन'साठी मूळ निगेटिव्हच कापून त्यात नवे तुकडे जोडले. हे मला अजून पचत नाही. त्यातून याच लुकासने १९८८ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जुन्या चित्रपटांत ढवळाढवळ करण्याविरुद्ध साक्ष दिली होती. उद्या तंत्रज्ञान वापरून नटांच्या जागी ताजे, तरुण चेहरे बसवतील, अशी भीती त्याने तेव्हा बोलून दाखवली होती. सोळा वर्षांनी सेबॅस्टियन शॉचं नेमकं काय झालं ते वर आलंच आहे.

तुम्ही म्हणाल, मग जुनी प्रत घे आणि गप्प बस. पण धड प्रत आहे कुठे? काकांच्या कॅसेटवर म्हातारा आहे, हॅनची गोळीही पहिली आहे. पण ती चौकोनी टीव्हीसाठी कापलेली, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जवळजवळ ४३ टक्के चित्र गायब. शिवाय पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं पळतात, म्हणून १२१ मिनिटांचा पिक्चर ११६ मिनिटांत संपतो. लेसरडिस्कवर रुंदी पूर्ण, पण चित्र मऊ. २००६ मध्ये मूळ रूप डीव्हीडीवर दिलं खरं, 'एपिसोड फोर' नसलेल्या मजकुरासकट. पण ते १९९३ च्या लेसरडिस्कच्या मास्टरवरूनच काढलेलं आणि 'बोनस' म्हणून टाकलेलं. ब्लू-रे लख्ख, पण बदललेला.

इथे मला भांडारकर संस्था आठवते. पुण्यात राहायचं आणि भांडारकरचं नाव फक्त रस्त्यासाठी घ्यायचं हे बरं नव्हे, म्हणून मध्ये थोडं वाचलं होतं. १९१९ साली तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक. हा माणूस केंब्रिजला गणित शिकलेला (आपल्यातलाच की!). देशभरातून निरनिराळ्या लिप्यांतल्या १२५९ पोथ्या तपासल्या, श्लोक श्लोकाशी ताडून पाहिला. काम पुरं झालं १९६६ मध्ये, सुखटणकर जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. व्यासांची मूळ संहिता सापडली असा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल तितकं ते गेले. आणि गाळलेलं फेकून दिलं नाही. पाठभेद पानाच्या खाली छापले, मोठे प्रक्षेप परिशिष्टात घातले.

त्या परिशिष्टात कोण आहे माहितीये? आपले गणपती बाप्पा. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही गोष्ट मूळ संहितेत धरलेली नाही. हे मी आरतीनंतर मोदक खाताना घरात बोलून बसलो. आईने ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर दुसरा मोदक मागायची हिंमत झाली नाही. :)

तर 'स्टार वॉर्स'च्या वेड्या चाहत्यांनी हेच केलंय. २०११ च्या सुमारास चेक प्रजासत्ताकातल्या एका शिक्षकाने ब्लू-रे पायाला घेतला. बदललेल्या जागी डीव्हीडी, टीव्हीवरची प्रसारणं, जुन्या फिल्मचे स्कॅन यांतून मूळ चित्र काढून एकेक चौकट बसवली. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने १९७७ च्या थेटरातल्या फिल्म स्कॅन करून अख्खा पहिला पिक्चर उभा केला. कायद्यात यातलं काहीच बसत नाही, त्यामुळे कुठे मिळेल ते मला विचारू नका. फिल्मचीही अडचण असतेच. त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रती आता विटून गुलाबी झाल्यात. लंडनला टेक्निकलर पद्धतीने छापलेल्या थोड्या प्रतींचे रंग तेवढे टिकले. तशी एक प्रत जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लोकांना दाखवली. मी पुण्यात ऑफिसात बसून नुसता चडफडलो.

असो. कॅसेटकडे येतो. बुरशीवाली टेप व्हीसीआरमध्ये घालायची नसते, हेडला बुरशी लागते आणि मग पुढची प्रत्येक टेप खराब होते. पुण्यात एका दुकानदाराने बिनधास्त घालायला घेतली होती, मी ओढून परत आणली. जुन्या बाजारातून दोन रविवार घालवून एक चालू व्हीसीआर मिळवला. नवीन मिळतच नाही, जपानच्या फुनाईने २०१६ ला शेवटचे बनवून दुकान आवरलं. मग कॅसेटचे पाच स्क्रू काढून, तोंडाला मास्क लावून, टेप हाताने थोडी थोडी गुंडाळत कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत बसायचं. एका कॅसेटला माझे दोन शनिवार-रविवार गेले.

पहिली झाली. अडीच ठिकाणी चित्र फाटतं, बाकी ठीक. हॅन आधी गोळी घालतो. दुसरी गेल्या आठवड्यात झाली, तिच्यात आवाज थोडा घोगरा येतो.

तिसरी अजून पेटीतच आहे. बुरशी सगळ्यात जास्त तिच्यावरच, आणि नेमकी शेवटच्या वेटोळ्यांत, जिथे म्हातारा आहे. या शनिवारी उघडीन म्हणतो. गेले दोन शनिवार हेच म्हणतोय.