‘टॉम अँड जेरी’तील कृष्णवर्णीय गृहिणीची वाणी

मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन चित्रसंस्थेसाठी विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी निर्मिलेल्या ‘टॉम अँड जेरी’ या लघु व्यंगचित्रपटमालेचा प्रारंभ १९४० साली झाला. पाठलाग, आदळआपट आणि फुटणारी काचभांडी यांवर तिचा विनोद उभा आहे. मांजर व उंदीर सहसा बोलत नाहीत. बोलते ती घर सांभाळणारी कृष्णवर्णीय स्त्री, ‘मॅमी टू शूज’. ‘पस् गेट्स द बूट’ या पहिल्याच चित्रपटात, आणखी काही फुटल्यास घराबाहेर काढीन, अशी अट ती मांजरास घालते आणि उंदीर त्याच अटीचा फास मांजराच्या गळ्यात अडकवितो. एका संकेतार्थी वाक्यावर अवघे कथानक चालते!

एवढे महत्त्व असूनही या स्त्रीस चेहरा नाही. दिसतात ते तिचे पाय, सपाता आणि झाडू. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पस्’मध्ये (१९५०) मुख क्षणमात्र दिसते, तेही धावपळीत. त्यामुळे तिच्या व्यक्तित्वाचा सारा भार वाणीवर पडतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची इंग्रजी ही स्वतःचे नियम असलेली बोली होय. तिच्यातील दुहेरी नकारही नियमबद्धच आहे. परंतु तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या रंगभूमीने तीस हास्यास्पद ठरविले होते. व्यंगचित्रपटाने तोच संकेत उचलला. त्याला सजीव स्वर दिला तो लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव नसे.

या प्रतिमेस एन. ए. ए. सी. पी. या संघटनेने विरोध केला, तो रास्तच होता. १९५२ नंतर हे पात्र मालिकेतून नाहीसे झाले. पुढे १९६०च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी जुने चित्रपट सुधारण्यात आले. चक जोन्स यांच्या चमूने त्या स्त्रीच्या जागी सडपातळ गोरी स्त्री रेखाटली व जून फोरे यांनी तीस आयरिश धाटणीचे उच्चार दिले. हे परिमार्जन नव्हे, उच्चाटन होय. १९९०च्या दशकात मूळ आकृती परत आली. पण संवाद थिया व्हिडाल यांच्याकडून सौम्य बोलीत पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. दोषाचे मूळ चेहरा वगळणाऱ्या चौकटीत होते. शस्त्रक्रिया झाली ती दोन्ही वेळा जिभेवर. पहिल्या वेळी रँडॉल्फ हयात होत्या. दुसऱ्या वेळेपूर्वीच, १९८० साली, त्यांचे निधन झाले होते.