हॅरिस शील्ड : शाळेच्या मैदानातून घडलेला क्रिकेटपटू

मुंबईच्या आझाद मैदानावर हिवाळ्यात एकाच वेळी अनेक सामने चालू असतात. तेथे वीसहून अधिक खेळपट्ट्या इतक्या दाटीने आखलेल्या आहेत की, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. या गर्दीत पांढऱ्या गणवेशातील शाळकरी मुले ज्या ढालीसाठी पिढ्यानपिढ्या झुंजत आली, ती हॅरिस शील्ड. सोळा वर्षांखालील मुलांच्या या आंतरशालेय स्पर्धेने भारतीय क्रिकेटला जेवढे फलंदाज दिले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शालेय स्पर्धेने दिले असतील.

उगम

१८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे इंग्लंडच्या संघाचे माजी कर्णधार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या शालेय स्पर्धेला त्यांचे नाव मिळाले. हॅरिस यांच्याविषयी हिंदी क्रिकेटपटूंचे मत मात्र एकमुखी नव्हते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांमुळे मैदान उखडते आणि खेळणे अशक्य होते, ही स्थानिक खेळाडूंची जुनी तक्रार होती. गव्हर्नरांकडून तिला अपेक्षित दाद मिळाली नाही. १८९३च्या मुंबईतील दंगलीच्या वेळी त्यांनी दाखविलेल्या अलिप्ततेवरही टीका झाली. ज्या राज्यकर्त्याकडे मैदानासाठी दाद मागावी लागली, त्याच्याच नावाच्या ढालीसाठी पुढे एतद्देशीय मुले त्याच मैदानावर खेळली.

हॅरिस शील्डनंतर काही वर्षांनी चौदा वर्षांखालील मुलांसाठी जाइल्स शील्ड सुरू झाली. त्यामुळे शाळेतच दोन पायऱ्यांची रचना तयार झाली. जाइल्समध्ये चमकलेला मुलगा हॅरिसमध्ये, तेथून महाविद्यालयीन संघात, मग क्लब आणि कार्यालयीन क्रिकेटमध्ये आणि अखेरीस रणजी संघात, अशी ही वाट होती. मुंबईच्या रणजीतील दीर्घ वर्चस्वाचे मूळ या वाटेत शोधावे लागते. मुंबईचे मूल बारा-तेराव्या वर्षीच दोन-तीन दिवसांचा सामना, तंबूत पॅड बांधून बसण्याची प्रतीक्षा आणि हरण्याची नामुष्की अनुभवत असे.

सहाशे चौसष्ट

या स्पर्धेचे नाव जगभर पोहोचले ते फेब्रुवारी १९८८ मध्ये. शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स हायस्कूल यांच्यातील उपान्त्य सामन्यात शारदाश्रमचे २ गडी ८४ धावांत बाद झाले असता सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी एकत्र आले. डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला, तेव्हा दोघेही नाबाद होते. कांबळी ३४९, सचिन ३२६ आणि अभंग भागीदारी ६६४ धावांची. डाव घोषित करावा, हा प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचा निरोप मैदानात पोहोचत होता; मुलांनी मात्र तिकडे पाहण्याचे टाळले, ही हकिगत पुढे दोघांनीही सांगितली. त्यानंतर कांबळीने गोलंदाजीत ३७ धावांत ६ गडी टिपले आणि झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला.

आचरेकर मूळचे मालवणचे. त्यांची स्वतःची प्रथम श्रेणीची कारकीर्द एका सामन्यापुरतीच राहिली. शिवाजी पार्कवरील त्यांच्या हाताखालून मात्र अनेक कसोटीपटू घडले. होतकरू मुलाने क्रिकेटला महत्त्व देणाऱ्या शाळेत जावे, असा त्यांचा आग्रह असे. सचिन त्यांच्याच सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये दाखल झाला. या भागीदारीनंतर एकवीस महिन्यांच्या आत तो कराचीत कसोटी खेळत होता.

त्या दिवशी पॅड बांधून तंबूत बसलेला पुढचा फलंदाज होता अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा आणि प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्याला भारताकडून खेळण्याची संधी मिळाली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक हाच मुझुमदार होता.

विक्रमांची दुसरी बाजू

६६४ धावांचा विक्रम २००६ मध्ये मोडला तो सिकंदराबादच्या सेंट पीटर्स हायस्कूलच्या दोन सलामीवीरांनी. तेरा वर्षांखालील सामन्यात त्यांनी ७२१ धावांची भागीदारी केली. २०१३ मध्ये पृथ्वी शॉ याने हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफिल्डकडून ५४६ धावा केल्या. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने भंडारी चषकात नाबाद १००९ धावा करून ए. ई. जे. कॉलिन्स यांचा १८९९चा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मागे टाकला. त्या सामन्यात प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले होते.

हे आकडे अभिमानाचे असले तरी अस्वस्थ करणारेही आहेत. चांगले खेळाडू मोजक्या शाळांत एकवटले की उरलेल्या शाळांच्या वाट्याला दिवसभर चेंडूमागे धावणे येते. अशा सामन्यात फलंदाजाचा कस लागत नाही आणि समोरच्या मुलाला खेळाची गोडीही लागत नाही. ज्या झेवियर्सची १९८८ मध्ये दाणादाण उडाली, त्याच शाळेतून सुनील गावसकर पुढे आले होते. १९६६ मध्ये देशातील सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून त्यांचा गौरव झाला होता.

मडगावचा अपवाद

ही वाट ज्याला लाभलीच नाही, असा एक फलंदाज गोव्याचा. दिलीप सरदेसाई यांचा जन्म १९४०चा, मडगावचा. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात तेव्हा क्रिकेटची व्यवस्थाच नव्हती. १९५७ मध्ये कुटुंब मुंबईस आले, तेव्हा त्यांचे वय १७ होते. म्हणजे हॅरिस शील्डची वयोमर्यादा उलटून गेली होती. विल्सन महाविद्यालयात त्यांचे गुण हेरले गेले. १९५९-६०च्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ४३५ धावा केल्या आणि १९६१ मध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. गोव्यात जन्मलेले ते भारताचे पहिले कसोटीपटू.

१९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात भारताने तेथे पहिल्यांदाच मालिका जिंकली. त्या मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा केल्या आणि सरदेसाईंनी ६४२. त्यांत किंग्स्टनचे द्विशतक होते. एक जण शालेय क्रिकेटच्या मुशीतून आलेला, तर दुसरा त्या मुशीपासून दूर वाढलेला. सरदेसाईंच्या यशावरून शालेय क्रिकेटवाचून अडत नाही, असे कोणी म्हणू शकेल. पण त्यांनाही मुंबई गाठावी लागली आणि तेथील महाविद्यालयीन रचनेनेच त्यांना हात दिला. ज्यांच्या कुटुंबांना गाव सोडता आले नाही, त्या मुलांची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही.

गोव्याचा संघ रणजी करंडकात उतरला तो १९८५-८६ मध्ये, म्हणजे सरदेसाईंच्या कसोटी पदार्पणानंतर जवळजवळ पाव शतकाने. शाळेत पाया घातला गेला नाही, तर राज्याचा संघ उभा राहण्यास किती काळ लागतो, याचा हिशेब या अंतरात आहे. एका ढालीची किंमत तिच्या चांदीवरून ठरत नाही. तिच्यासाठी दरवर्षी किती मुले सकाळी मैदानावर येतात आणि त्यांतील किती मुले हरूनही पुढल्या वर्षी परत येतात, यावरून ती ठरते.