लिहिता येतं, वाचता येत नाही

जालना एमआयडीसीत भट्टीत भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं आणि रोलिंग मिलमधून सळई निघते. अशा ठिकाणी डोक्याला मार बसलेला कामगार बरा होऊन परतला, हजेरीवर सही केली आणि समोरची पाटी मात्र वाचता येईना, तर पहिला शेरा ठरलेला: सोंग करतोय.

या ‘सोंगा’चं कूळ पॅरिसचं. ऑक्टोबर 1887 मध्ये तिथल्या एका कापड व्यापाऱ्याला अचानक पाट्या वाचता येईनात. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो नेत्रतज्ज्ञ लांडोल्ट यांच्याकडे गेला. त्यांनी त्याला मेंदूतज्ज्ञ ज्यूल देजरीन यांच्याकडे धाडलं. बोलणं शाबूत. सांगाल ते लिहून देई आणि तोच कागद वाचायला दिला की गप्प. आकडे मात्र ओळखी, हिशेब चोख. अक्षराच्या वळणावरून बोट फिरवलं की तेही ओळखी! 1892 मध्ये तो वारल्यावर देजरीननी मेंदू तपासला. पक्षाघाताच्या झटक्यानं डाव्या मेंदूचा मागचा भाग गेला होता, शिवाय दोन्ही बाजू जोडणाऱ्या तंतूंचं मागचं टोकही. उजव्या मेंदूला दिसलेलं अक्षर डावीकडच्या भाषेच्या केंद्राकडे पोचतच नव्हतं. लिहिण्याची वाट वेगळी, ती मोकळी होती.

चेहरे ओळखता न येण्याची शाखा त्याहून जुनी. 1867 मध्ये इटलीच्या क्वालिनो आणि बोरेल्ली यांनी असा रुग्ण नोंदवला. आजाराला नाव मिळालं 1947 मध्ये, जर्मन डॉक्टर बोडामरकडून. त्यांच्या एका सैनिकाच्या डोक्यात गोळी लागली होती. त्याला नाक, डोळे दिसत, पण माणूस कोण ते कळेना. आरशातला स्वतःचा चेहराही परका. इथे दुखापत बहुधा उजव्या मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात असते. असा माणूस आवाजावरून, चालीवरून घरच्यांना ओळखतो, म्हणून तर लोकांचा संशय बळावतो.

अशा इजेच्या भरपाईसाठी, ईएसआय (कामगार विमा) नसलेल्या कामगाराला नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो. त्याच्या अनुसूचीत तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेत 14 टक्के घट धरतात. वाचन गेलं, चेहरे गेले, त्याची ओळ त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या इजेची टक्केवारी डॉक्टरच्या दाखल्यावर ठरते. तेव्हा डोक्याला मार बसलेल्या माणसाकडून नुसती सही घेऊन थांबू नका. त्याला दोन ओळी लिहायला लावा, त्याच वाचायला द्या, आणि अडला तर ते दाखल्यात लिहून घ्या.